पंगतीची कसोटी

यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीने खासगी मालमत्ता मोडीत काढली, असे नेहमी सांगितले जाते. मला हे वाचन चुकीचे वाटते. लोकांनी शेते विकून पैसा प्रेषितांच्या पायाशी ठेवला, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते खरे. पण त्याच पुस्तकात पेत्र विक्रीचा काही पैसा लपवणाऱ्या हनन्याला बजावतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. हनन्याचा अपराध लबाडीचा, मालकीचा नव्हे. पुढे योहान मार्काच्या आईचे स्वतःचे घर आहे आणि मंडळी तिथेच प्रार्थनेला जमते. म्हणजे सातबारा कोणाच्या नावावर, हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न नव्हताच. कोण कोणाशेजारी जेवायला बसतो आणि कोणाच्या पानात काय पडते, हा होता. मंडळीतली पहिली नोंदलेली कुरकुर त्यावरूनच झाली: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. त्यावर नेमलेल्या सातही माणसांची नावे ग्रीक आहेत. वाटपाचा अधिकार बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच हाती दिला गेला. आणि करिंथच्या मंडळीत प्रेषित पौलाने ज्यावर आसूड ओढला, त्याला मराठीत नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. प्रभुभोजनाला एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र.

‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्या लूकने हे चित्र आदर्शवत रंगवले, असा आक्षेप घेतात. तो काही अंशी मान्य करावा लागेल. पण आदर्श रंगवणारा भांडण कशाला नोंदवील? शिवाय विरोधकांची साक्ष आहे. इ.स. 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी सम्राटाला कळवतो की हे लोक एकत्र साधे अन्न खातात; अधिक माहितीसाठी त्याने ज्या दोघींना यातना दिल्या त्या दासी होत्या आणि मंडळीत सेविका म्हणून ओळखल्या जात. बाजारात विकल्या जाणाऱ्या बाईला इथे पद होते. इ.स. 251 च्या सुमारास रोमची मंडळी 1500 हून अधिक विधवा व गरजूंना पोसत होती.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि अधिक बोचरा: वाशिमसारख्या ठिकाणी ख्रिस्ती सेवा आली ती परक्या पैशातून, मग यरुशलेमच्या मंडळीशी तिचे नाते काय? 1930 च्या दशकात नाझरीन चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले. आडवळणाच्या वऱ्हाडी गावांतल्या बायाबापड्यांसाठी ते मोठेच काम होते आणि त्याचे मोल कमी लेखणे अन्याय होईल. तरीही दवाखाना आणि पंगत यांत फरक आहे. दवाखान्यात एक देतो, दुसरा घेतो; यरुशलेममध्ये देणारा आणि घेणारा एकाच पंगतीत होते. ही उणीव रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आतून जाणवली होती. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात बोलावले. 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. त्यामुळे कल्पनाच फसली, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी करिंथही आठवावे. तिथे पंगत मोडली होती. पौलाने ती बंद करायला सांगितले नाही, एकमेकांसाठी थांबा आणि मग जेवा, एवढेच सांगितले.