घण आणि करार

१ डिसेंबर १९४८ रोजी सान होसे शहरातल्या बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर हंगामी सरकारचे प्रमुख होसे फिगेरेस यांनी घणाचे घाव घातले आणि कोस्टा रिकाचे सैन्य बरखास्त झाल्याचे जाहीर केले. बराक शिक्षणखात्याच्या स्वाधीन झाली. आज तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. बुरुजांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. शांतताप्रेमी मंडळींना हे दृश्य फार आवडते. मला त्याच्या आगेमागे जे घडले ते अधिक मोलाचे वाटते.

फिगेरेस काही संत नव्हते. त्याच वर्षी हाती शस्त्र घेऊन त्यांनी यादवी युद्ध जिंकले होते आणि त्यात दोनेक हजार माणसे मेली, असे सांगतात. मोडीत निघालेले सैन्य हरलेल्या बाजूचे होते. नव्या राजवटीने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. एप्रिल १९४९ मध्ये फिगेरेस यांच्याच सुरक्षामंत्र्याने बंड केले, ते फसले. बराकी ठेवल्या तर आज ना उद्या कुणीतरी त्यातून बाहेर पडून आपल्याला हुसकावील, हा हिशेबही त्यांच्या मनात असणारच. त्यामुळे निर्णयाची किंमत कमी होत नाही. ज्याला स्वतःच्या माणसांचाही भरवसा नाही, तोच पक्के नियम करतो.

ते नियम १९४९ च्या राज्यघटनेत आले. बाराव्या कलमाने कायमस्वरूपी सैन्याला मनाई केली. स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्याच वर्षी सरकारी वीजसंस्था उभी राहिली आणि नद्यांवर वीज बनवण्याचे काम तिने हाती घेतले. आज तिथली जवळजवळ सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून येते. सामाजिक विम्याची योजना मात्र फिगेरेस यांची नव्हे. ती १९४१ मध्ये राफाएल आंखेल काल्देरोन ग्वार्दिया यांनी, म्हणजे युद्धात हरलेल्या प्रतिस्पर्ध्याने, सुरू केली होती. विजेत्याने ती मोडली नाही. आधीच्या सरकारचा फलक उतरवण्याची घाई जिथे नित्याची, तिथल्या आपल्यासारख्या वाचकांना हा तपशील घणाच्या घावापेक्षा मोठा वाटायला हरकत नाही. आणि सत्ता हाती आल्यावर दीड वर्षाने, नोव्हेंबर १९४९ मध्ये, फिगेरेस यांनी सत्ता निवडून आलेल्या ओतिलियो उलाते यांच्या हाती सोपवून घरचा रस्ता धरला. पुढे ते परत आले, पण निवडणूक जिंकून.

आता आक्षेप. हे सारे अमेरिकेच्या छत्राखाली झाले, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. घोषणेला दोन आठवडेही झाले नव्हते तोच निकाराग्वातून हल्ला आला. १९५५ मध्ये पुन्हा आला. दोन्ही वेळा अमेरिकन राष्ट्रांच्या संघटनेकडे धाव घ्यावी लागली, आणि दुसऱ्या वेळी अमेरिकेने चार लढाऊ विमाने प्रत्येकी एका डॉलरला दिली. निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या विरोधकांना फिगेरेस स्वतः मदत करत होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. म्हणजे त्यांच्या शांततेला दुसऱ्याचा जामीन होता. पण देशादेशांतला करार म्हणजे तरी दुसरे काय? इतर देशांशी सहकार्य हा इथे भाषणाच्या शेवटी जोडायचा परिच्छेद नव्हता. देश उभा राहण्याची ती अट होती.

शिवाय जामीन घेतला म्हणून मिंधेपणा आलाच, असेही नाही. अमेरिकेचे रेगन सरकार निकाराग्वातल्या बंडखोरांना शस्त्रे पुरवत असताना कोस्टा रिकाचे राष्ट्राध्यक्ष ऑस्कर आरियास यांनी वॉशिंग्टनची नाराजी पत्करून शांततेचा आराखडा मांडला. ऑगस्ट १९८७ मध्ये मध्य अमेरिकेच्या पाच राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सह्या केल्या. २०१० मध्ये निकाराग्वाचे सैनिक सीमेवरच्या दलदलीत उतरले, तेव्हा कोस्टा रिका हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २०१५ मध्ये त्या भूभागाचा निकाल त्याच्या बाजूने लागला आणि २०१८ मध्ये पर्यावरणहानीसह सुमारे पावणेचार लाख डॉलरची भरपाई ठरली. मागितली होती त्याहून ती फारच कमी. पण एकही गोळी न झाडता जमीन मिळाली.

भारताने किंवा आणखी कुणी सैन्य मोडावे, असे यातून निघत नाही. आपल्या सीमा वेगळ्या आहेत. निघते ते एवढेच, की विकास आणि शांततेचे स्वप्न सांगणाऱ्या नेत्याला विचारावे : तुमच्या पश्चात येणाऱ्यांचे, आणि तुमचेही, हात कोणत्या कलमाने बांधलेत? कलम लिहिले म्हणजे काम झाले, असेही नाही. बंदुकांवरचा पैसा वाचवलेल्या या देशात २०२३ मध्ये खुनांचा उच्चांक झाला. आणि शिक्षणावर देशाच्या एकूण उत्पादनाच्या ८ टक्के खर्च करावा, अशी २०११ मध्ये घटनेत घातलेली अट आजवर पुरी झालेली नाही.