अतिथी कोणाला म्हणावे?

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी ह्या शब्दाची फोड आम्ही पाठशाळेत शिकलो. ह्या न्यायाने वारकरी अतिथी ठरतच नाही, बरं का! आपली तिथी पंचांगात छापलेली. गावकरी भाकऱ्यांच्या चळती रचून वाट पाहतात. तेथे यजमानाची परीक्षा ती काय?

आता आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी ह्या बाई पाहा. दहाव्या वर्षी सायकल आणि नकाशांचे पुस्तक हाती आले, तेव्हाच त्यांनी हिंदुस्थान गाठायचे ठरविले. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडून आजारी आईच्या सेवेला लागल्या. 1962 साली आई गेली आणि 1963 च्या जानेवारीत ह्या एकट्या सायकलवर निघाल्या. आधी आई, मग वाट. पुंडलिकाच्या लेकरांना ह्यात निराळे काय सांगायचे! जुलैत दिल्ली गाठली.

जवळ पिस्तूल होते; वाटेत श्वापदांवर चालवावेही लागले. अफगाणिस्तानात बसमधल्या भांडणात बंदुकीचा दस्ता लागून बरगड्या मोडल्या. तरी त्याच अफगाणांच्या पाहुणचाराची त्यांनी तोंड भरून स्तुती केली आहे.

कोणी म्हणेल, परक्याचे अन्न खाल्ले, ऋण झाले. पण यजमानाला पाहुणीचे कूळ ठाऊक नाही, पाहुणीला त्याचे मन ठाऊक नाही. दोघांनी एका रात्रीपुरता एकमेकांच्या हाती जीव दिला. मग धनको कोण आणि ऋणको कोण? आणि फेडायचे म्हटले तरी तो यजमान पुन्हा भेटतो कुठे? दिल्लीनंतर बाई धर्मशाळेला तिबेटी निर्वासित मुलांच्या सेवेत राहिल्या. त्या मुलांनी काही त्यांना जेवू घातले नव्हते.