रमणीय कामाची मजुरी

ज्या कामात मनुष्याचे मन रमते त्याची मजुरी त्यास कमी दिली तर त्यात अन्याय आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी उघडपणे विचारीत नाही. परंतु त्याचे उत्तर मात्र सर्वत्र दिले जात असते. गवयास, शाळामास्तरास, रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेस आणि मासिकांस लेख पुरविणाऱ्या आम्हांसारख्यांस, 'तुम्हांला त्यात आनंद आहेच की!' हे वाक्य ऐकून घेण्याची सवय झालेली असते. बोलणाऱ्याच्या मनात कपट असतेच असे नाही. त्याची खरोखर अशी समजूत असते की, आनंद हे एक प्रकारचे नाणेच असून ते हाती पडल्यावर पुन्हा रुपयांचा तगादा लावणे हा अप्पलपोटेपणा होय. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेणार आहो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उन्हाळ्यापुरते मुलांचे कँप भरतात आणि वनांतून प्रवाशांच्या मुक्कामाचे तळ उघडतात. तेथे हंगामी चाकरी करणाऱ्यांपुढे हा प्रश्न दरसाल उभा राहतो, आणि त्याचे एक उत्तर तेथील कायद्यातच लिहून ठेवलेले आहे.

या चाकरांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला तरुणांचा. जूनमध्ये शाळा सुटल्या की तेथील लाखो मुले कोठे आठवडाभर, कोठे सात-आठ आठवडेही, सरोवराकाठच्या किंवा डोंगरांतल्या कँपांत राहावयास जातात. एकेका लाकडी कोठीत आठ-दहा मुले आणि त्यांच्याबरोबर एखाद-दुसरा 'कौन्सेलर' अशी सामान्यतः व्यवस्था असते. हा कौन्सेलर म्हणजे बहुधा विशीच्या आसपासचा विद्यार्थी. तो मुलांस पोहावयास, नाव वल्हवावयास, शेकोटी पेटवावयास शिकवितो, त्यांच्याच मेजावर जेवतो, त्यांच्याच कोठीत निजतो. आणि घरच्या आठवणीने एखादे मूल मध्यरात्री रडू लागले तर उठून त्याच्याजवळ बसतो. दुसरा वर्ग वृद्धांचा. साठी-सत्तरी उलटलेली जोडपी आपली घरगाडी, म्हणजे ज्यात बिछाना, चूल, न्हाणी सर्व काही आहे असे चाकांवरचे घर, घेऊन मे महिन्यात एखाद्या वनातील तळावर येतात आणि हंगाम संपेपर्यंत तेथे 'यजमान' म्हणून राहतात. यजमान हा शब्द मोठा गोड आहे. या यजमानाने करावयाचे ते इतके की, आलेल्यांस जागा दाखवावी, फी गोळा करावी, सरपण विकावे, चुलाण्यांतली राख काढावी, रात्री गोंगाट करणाऱ्यांस गप्प बसवावे आणि शौचकूप धुवावेत.

कँपांचा जन्म कसा झाला ही हकीकत आमच्या प्रश्नास फार जवळची आहे. १८६१ साली, यादवी युद्धाच्या आरंभीच, कनेक्टिकट संस्थानातील फ्रेडरिक विल्यम गन या शाळाचालकाने आपल्या विद्यार्थ्यांस सुमारे ४० मैल चालवीत समुद्रकाठी नेले व तेथे काही दिवस तंबूंत ठेवले. यालाच अमेरिकेतील पहिला उन्हाळी कँप म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु कँपामागे काही तत्त्व उभे केले ते अर्नेस्ट बाल्च या तरुणाने. धनिकांची मुले उन्हाळाभर हॉटेलांत नोकरांच्या गराड्यात पडून निकामी होतात हे पाहून त्याने १८८१ साली न्यू हँपशायरमधील स्क्वाम सरोवरातल्या एका बेटावर 'चोकोरुआ' नावाचा कँप काढला. तेथे नोकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, धुणे, सर्व मुलांनीच करावयाचे. १८८९ मध्ये तो कँप बंद पडला. परंतु त्याचा कित्ता पुढे कितीतरी कँपांनी गिरविला.

भांडी घासणे हे काम सुखाचे की हलके, हे भांड्यांवरून ठरत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात येते. बापाने पैसे भरून पाठविलेल्या मुलाने ती घासली की ते शिक्षण होते. पोटासाठी आलेल्याने घासली की तीच मोलमजुरी होते. हा भेद आम्ही कल्पनेने काढलेला नाही. परदेशच्या तरुणांस कौन्सेलर म्हणून अमेरिकेत येण्यासाठी सांस्कृतिक देवघेवीच्या नावाने 'जे-१' हा परवाना मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त ४ महिन्यांची. त्याच्या नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, या परवान्यावर आलेल्यास आचारी, भांडी घासणारा किंवा झाडलोट करणारा म्हणून राबवू नये. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे यात शंका नाही. पण भांडी तर रोज घासली जातातच! ती घासणारेही पुष्कळदा परदेशी विद्यार्थीच असतात. ते त्याच देवघेवीच्या दुसऱ्या सदराखाली, उन्हाळी काम व प्रवास या नावाने, आलेले असतात, इतकेच. सरोवराची शोभा दोघांनाही दिसते. एकास ती मुलांबरोबर नावेत बसून दिसते आणि दुसऱ्यास मोरीच्या खिडकीतून.

आता कायद्याकडे वळू. १९३८ साली अमेरिकेत जो श्रमविषयक कायदा झाला त्याने मजुरीची किमान मर्यादा तासाला २५ सेंट ठरविली. ती वाढत वाढत २००९ साली ७.२५ डॉलरवर आली. परंतु त्याच कायद्यास पुढे एक अपवाद जोडण्यात आला. जो करमणुकीचा धंदा किंवा जो संघटित कँप वर्षातून ७ महिन्यांहून अधिक काळ चालत नाही, त्यास किमान मजुरीचेही बंधन नाही आणि जादा तासांच्या जादा दराचेही नाही. वर्षभर दार उघडे असले, तरी ज्याचे ६ महिन्यांचे सरासरी उत्पन्न उरलेल्या ६ महिन्यांच्या सरासरीच्या एक तृतीयांशाहून अधिक होत नाही, त्यासही हीच सवलत. काही संस्थानांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. तथापि संघराज्याचा नियम हा असा आहे. धंद्यास वर्षातून किती महिने उत्पन्न असते हे त्याने काळजीपूर्वक मोजले. चाकरास वर्षातून किती महिने भूक लागते, हे मोजण्याचे मात्र त्यास कारण वाटले नाही.

अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या धंद्यांतील मजुरी कमीजास्त का असते याची मीमांसा केली आहे. पहिले कारण असे की काम सुखाचे असेल तर मजुरी उतरते आणि कष्टाचे किंवा घाणेरडे असेल तर चढते. शिकार आणि मासेमारी हे उद्योग रानटी अवस्थेत मनुष्य पोटासाठी करतो. समाज सुधारला की तीच त्याची करमणूक होते. आणि मग इतरांची जी करमणूक तोच ज्यांचा धंदा, असे लोक दरिद्रीच राहतात, असे त्याचे निरीक्षण आहे. कँपवाल्यांस याहून मातबर साक्षीदार मिळणार नाही. पण हाच साक्षीदार त्याच प्रकरणात थोड्याच अंतरावर उलटतो. काम सतत मिळते की अधूनमधून, हे मजुरीतील फरकाचे आणखी एक कारण म्हणून तो सांगतो. गवंड्यास कडाक्याच्या थंडीत आणि पावसापाण्यात हात बांधून बसावे लागते. म्हणून कामाच्या दिवसांच्या मजुरीतून त्याचे रिकाम्या दिवसांचे पोट तर भरले पाहिजेच, शिवाय त्या रिकामपणी त्यास जी चिंता जाळते तिचीही काही भरपाई झाली पाहिजे, असे तो म्हणतो. काम रम्य म्हणून मजुरी थोडी उतरावी आणि काम हंगामी म्हणून ती चढावी, ही दोन्ही कलमे अशी शेजारी शेजारी आहेत. व्यवहाराने पहिले तोंडपाठ केले. दुसरे नुसते गाळले असते तरी एक वेळ चालले असते. परंतु कायद्याने हंगामीपणा हेच मजुरी उतरविण्याचे निमित्त करून ते उलटे टांगले.

कँप चालविणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुष्कळ कँप धर्मसंस्था, मुलांच्या संघटना किंवा धर्मादाय मंडळ्या चालवितात. कौन्सेलर दिवसाचे १६ तास जबाबदार आणि आठवड्याचे ६ दिवस कामावर असे धरले तर ९६ तास होतात, आणि किमान दराने ६९६ डॉलर. इतके दर आठवड्यास द्यावयाचे म्हटले तर फी चढेल, आणि फी चढली की पहिली गळतील ती गरिबांची मुले. दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. मध्यरात्री रडणाऱ्या मुलाजवळ बसणारा तरुण घड्याळाकडे पाहून बसू लागला तर मुलास सोबत मिळेल, पण जे हवे ते मिळेल काय? या आक्षेपापुढे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण त्यात खरेपणा आहे. ती अर्धी रात्र तासाच्या दराने विकत मिळत नाही, मिळू नये. परंतु ती विकत मिळत नाही म्हणून दिवसभराच्या राबण्याचाही हिशेब ठेवू नये, असा जो निष्कर्ष हळूच काढला जातो तो मात्र आम्हांस मान्य नाही. मायेस मोल नाही म्हणून दाईचा पगार कापावा, असे आपल्यात कोणी म्हणत नाही.

शिवाय हा आनंद मूळचा कोणाचा? सरोवर कँपवाल्याने खणलेले नाही, देवदार त्याने लावलेले नाहीत. वनांतील कित्येक तळ तर सरकारी, म्हणजे सर्वांच्या मालकीच्या जमिनीवर असतात. कोवळे ऊन अंगावर आले असता हर्ष होणे हे त्या तरुणाच्या निरोगी शरीराचे आणि मोकळ्या मनाचे देणे आहे. मालकाने जे दिले नाही ते त्याने आपल्या वहीत चाकराच्या नावे मांडावे, हे कोणत्या हिशेबशास्त्रात बसते? आणि याहूनही मौजेची गोष्ट अशी की, हा आनंद मालकाच्याच उपयोगी पडतो. उदास चेहऱ्याचा कौन्सेलर कोणते आईबाप पसंत करतील? हसतमुख असणे ही त्या चाकरीची न लिहिलेली अटच आहे. म्हणजे मुलांच्या आईबापांस जे विकले जाते त्यात त्या तरुणाच्या आनंदाचाही वाटा आहे. आणि विकताना ज्याची किंमत घेतली, तेच पगाराच्या दिवशी मजुरी म्हणून त्याच्याच हातावर ठेवले जाते. निष्काम कर्माची चर्चा आमच्याकडे पुष्कळ झाली आहे. तीत फळाचा त्याग करणाऱ्याने तो आपण होऊन करावा असे आहे. दुसऱ्याने त्याच्याकडून तो करवून घ्यावा आणि ते फळ आपल्या टोपलीत टाकावे, असे आमच्या वाचनात कोठे आलेले नाही.

तथापि तरुणांच्या बाबतीत हा अन्याय सौम्य आहे, हे आम्ही कबूल करतो. त्याच्यामागे बहुधा घर असते, पुढे विद्यालय असते, आणि कँपातले दोन महिने तो जन्मभर आठवतो. वृद्ध यजमानांची गोष्ट निराळी. सरकारी उद्याने व वने यांत स्वयंसेवक घेण्यास १९७० आणि १९७२ साली झालेल्या कायद्यांनी मुभा दिली. सरकारी तळांवरील यजमान पुष्कळदा असे स्वयंसेवकच असतात. खासगी तळांवर कोठे मजुरी मिळते, कोठे आठवड्याच्या ठरलेल्या तासांच्या बदल्यात नुसती गाडीस जागा आणि वीजपाणी. अशा राहण्यास आमच्याकडे पोटावारी राहणे म्हणत. येथे तर पोटाचेही ज्याचे त्याने पाहावयाचे असते. आता यांत एखादी पेन्शनर शिक्षिका असते. तिला घर आहे, उत्पन्न आहे, पाखरांची हौस आहे. ती हौसेने आली, उद्या कंटाळली तर जाईल. तिच्यावर अन्याय झाला असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण तिच्या शेजारच्या गाडीत जो गृहस्थ आहे त्याचे घर २००८ च्या मंदीत गेले असेल, आणि ही गाडी हेच त्याचे घर असेल. जेसिका ब्रूडर या लेखिकेने अशा लोकांबरोबर राहून त्यांची हकीकत 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकात लिहिली, आणि २०२० साली त्यावर निघालेला चित्रपट जगभर गाजला. दोघेही तीच राख काढतात, तेच शौचकूप धुतात, संध्याकाळी त्याच टेकडीमागे मावळणारा सूर्य पाहतात. आणि विचारले तर दोघेही सांगतील की येथे फार आनंद आहे. दोघेही खरेच सांगत असतील. दुसऱ्याच्या आनंदाची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. संकटातही सूर्यास्त पाहून सुखावणारे मन ही मोठी संपत्ती आहे. परंतु पहिलीस 'नको' म्हणण्याची सोय आहे आणि दुसऱ्यास नाही, हे त्या उत्तरातून कळत नाही. म्हणून चाकर आनंदी आहे की नाही, ही विचारपूस मजुरी ठरविताना आमच्या मते निरुपयोगी आहे. ती ठरविणाऱ्याने विचारावयाचे ते इतकेच की, हा मनुष्य उद्या गेला तर कोठे जाईल.

कोठे जातात ते दिसतेच. उत्तरेकडील तळ सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद होऊ लागले की यांपैकी कित्येक घरगाड्या उत्तर डकोटा व मिनेसोटा यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्याकडे वळतात. तेथे त्या सुमारास साखरेच्या बिटाचा हंगाम असतो. काम रात्रंदिवस, बारा बारा तासांच्या पाळ्यांनी चालते. अंगावर वारा, पायांखाली चिखल, कानाशी यंत्रांचा खडखडाट. त्या कामास रमणीय म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही, आणि म्हणून की काय, तेथे गाडीस जागाही मिळते आणि वर तासाच्या हिशेबाने रोख मजुरीही. काही आठवड्यांत बीट संपते. मग गाड्या दक्षिणेस, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाकडे निघतात. तेथे हिवाळा काढण्यास जागा स्वस्तात मिळते, काम मिळेलच असे नाही, आणि मे महिना अजून बराच लांब असतो.