ताटाला दर, पंगतीला नाही

दारात आलेल्याला जेवू घालून त्याचे पैसे घेतले, तर पुण्याचं काय होतं? सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात आमच्यासारख्या घरांना हा प्रश्न दर शनिवार-रविवारी पडतो. पुण्या-मुंबईची माणसं इकडे डोंगरात चालायला येतात. कुणी मेरुलिंग चढतं, कुणी वैराटगड, कुणी बामणोलीहून लाँचने पलीकडे जाऊन वासोटा करतं. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कास पठाराचं नाव जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत तर विचारायलाच नको. आदल्या रात्री फोन येतो, "मावशी, आठ ताटं ठेवा. आणि नाचणीची भाकरी हवीच."

नाचणीच्या भाकरीला घाई चालत नाही. उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकून ठेवायचं आणि हाताला चटका बसतो तोवरच मळायचं. पीठ निवलं की थापताना काठाला चिरा जातात. तव्यावर पाणी फिरवून दोन्ही बाजू शेकल्या की भाकरी निखाऱ्याला लावायची. ती टम्म फुगते तेव्हा चुलीशी येऊन उभी राहिलेली पोरं मोबाईल काढतात. दिवसभर चालून आलेला माणूस ठेचा-भाकरी खाताना डोळे मिटतो, "अन्नपूर्णा आहात मावशी" म्हणतो आणि हात धुऊन विचारतो, "क्यूआर कुठं लावलाय?" देवत्व आणि बिल एकाच दमात पदरात पडतं.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे कधी पटलं नाही. पहिला गट जेवून गेला त्या रात्री त्या म्हणाल्या, "सूनबाई, दूध विक, भात विक. पर वाढलेलं ताट इकू नये. त्याला मोल लावलं की पाव्हणा ऱ्हात न्हाई, गिऱ्हाईक व्हतं." मी शाळेत शिकवणारी बाई, उत्तर तयार होतं. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही वारीला जाता तेव्हा दिंडीत भिशी भरताच की." त्या म्हणाल्या, "ती येगळी." का वेगळी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते शोधायचं काम माझ्यावर सोडून त्या गेल्या.

भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाणाचे पैसे. ते आगाऊ भरायचे, ट्रकमधून शिधा पुढं जातो, मुक्कामाला पंगत बसते. पैसा तिथंही आहे, हिशेबाची वहीही आहे. पण ज्याची भिशी भरायची राहिली, तो पंगतीला आला तर त्याला उठवत नाहीत. लोणंदला, फलटणला घराघरांतून वारकऱ्यांना बोलावून पिठलं-भाकरी वाढतात, तेव्हा भिशी भरलेला आणि न भरलेला ओळखूही येत नाही. आणि गंमत अशी, की एवढं चालून पंढरीला पोहोचायचं ते एकादशीला, म्हणजे उपासाला. सहलीच्या चालण्याला शेवटी चांगलं जेवण लागतं. वारीत पोहोचण्याच्या दिवशीच ताट बाजूला राहतं. वारकरी जेवणासाठी चालत नाही, म्हणून त्याने भरलेले पैसे जेवणाचा मालक होण्यासाठी नसतात.

शास्त्रात पाहावं तर पाहुण्याला देव माना, एवढं सगळ्यांना पाठ असतं. ते ज्यात आहे त्याच तैत्तिरीय उपनिषदात पुढं भृगुवल्लीत एक रोखठोक गोष्ट आहे: आसऱ्याला आलेल्या कुणालाही नाही म्हणू नये, हे व्रत आहे, आणि म्हणूनच मिळेल त्या मार्गाने अन्न भरपूर मिळवावं. मला हे फार व्यवहारी वाटतं. व्रत नकार न देण्याचं आहे. धान्य कुठून आणायचं, हा संसार ज्याचा त्याने बघावा.

लेक-जावई नॉर्वेत असतात. त्यांनी मला तिकडच्या डोंगरात नेलं, तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूने पाहायला मिळाला. 1868 मध्ये स्थापन झालेली त्यांची एक पर्यटक संघटना आहे. तिच्या लाकडी झोपड्या डोंगरभर विखुरलेल्या आहेत. आम्ही गेलो ती बिनमाणसाची होती. सभासदांकडे किल्ली असते. आत कोठीत डबे, शेवया, सूप, कडक पाव, भिंतीला दरपत्रक. आपण जे घेतलं ते आपणच लिहायचं, पैसे आपणच भरायचे. बघणारं कुणी नाही. जावई म्हणाले, "आई, इथं वाढणारं कुणी नाही, तुम्हीच घ्या." गुळाच्या रंगाचं चीज पावावर ठेवून मी खाल्लं आणि लेकीने वहीत नोंद केली. निघताना जावयांनी लाकडं फोडून ठेवली, लेकीने भांडी घासून केर काढला. पुढं कोण येणार ते ठाऊक नाही, पण त्याला चूल पेटवता आली पाहिजे.

आपल्याकडे यजमानाने काय करावं यावर पुष्कळ सांगितलंय. पाहुण्याने काय करावं, यावर मानाने थोडं. त्या झोपडीत यजमान दिसतच नव्हता, सगळा धर्म पाहुण्याच्या अंगावर होता. पैसे भरून त्याची सुटका होत नव्हती. लाकडं उरतच होती.

म्हणून पूर्वी आपल्याकडे सगळं फुकट होतं आणि पैशाने ते नासवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. फुकट ताटाआधी जात विचारली जायची. 1901 सालची गोष्ट याच सातारा जिल्ह्यातली आहे. लहान भीमराव आंबेडकर भावाभाच्याबरोबर खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवाले नाही म्हणाले. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एकजण तयार झाला, तोही पोरांनीच गाडी हाकायची या अटीवर. जवळ डबा होता, पण प्यायला पाणी कुणी देईना. अन्न असून पोरं उपाशी झोपली. दुप्पट पैशाने चाकं मिळाली, पाणी नाही मिळालं. ज्या गावांत पाहुणा देव होता, त्याच गावांतली ही रात्र.

पंगत मोडली होती ती जातीने, आणि ती जोडायचं काम साताऱ्यातच झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये इथं वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली, एकत्र जेवू घातली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. मुलंही फुकट जेवत नव्हती, राबत होती. तिथं अन्नाला मोल होतं, पण कोण कुणाशेजारी बसणार याला नव्हतं.

भिशी वेगळी का, याचं उत्तर मला इथं सापडलं: पैसे अन्नाचे असतात, पंगतीतल्या जागेचे नाहीत. आमच्याकडे मोठ्या गाड्या घेऊन गट येतात. कुणीतरी हळूच सांगतं, "ड्रायव्हरला बाहेर गाडीतच द्या, मावशी. त्याला साधं चालेल." बोलणारी माणसं दुष्ट नसतात, ताटाबरोबर बसायची मांडणीही आपण विकत घेतली, असं त्यांना वाटतं. मी म्हणते, "आमच्याकडे ताट एकच असतं, आणि पाटही एकाच रांगेत." ड्रायव्हरदादा अवघडतात, पण बसतात. त्यांच्या ताटात पहिली भाकरी पडते, कारण त्यांनाच पुढं घाट उतरवायचा असतो. क्वचित एखादा गट तोंड वाकडं करतो आणि पुन्हा येत नाही.

तेव्हा पुण्याचा हिशेब मी असा लावते. नाचणी, गॅस, लाकूड, माझे हात यांचे पैसे घेते, निर्धास्त घेते. त्यात पाप नाही आणि पुण्यही नाही. पुण्य असलंच तर ज्याचा दर लावता येत नाही तिथं आहे: कुणाला परत न पाठवण्यात आणि कुणाला वेगळं न बसवण्यात. आत्याबाईंचं अर्धं खरं होतं. पाहुण्याचं गिऱ्हाईक होतं, पण पैसे दिल्यामुळे नाही. पैसे दिले म्हणजे आपलं देणं संपलं, असं त्याला वाटतं तेव्हा. आणि यजमानाचा दुकानदार होतो तो पैसे घेतल्यामुळे नाही, पैशापायी पंगत मोडू दिली तर. तोंड वाकडं करणाऱ्यांनाही मी पोटभर वाढते. व्रत कुणाला नाही न म्हणण्याचं आहे, त्यातून त्यांना वगळायचा अधिकार मला नाही.