नंबर कोणाचा?

मुकुटबनच्या बाजाराच्या दिवशी किराणा दुकानापुढे रांग नसते, गर्दी असते. तरी कोण आधी आलं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. सगळ्यात पुढे पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून आलेली कोलाम बाई. बांबूच्या टोपल्या विकून आलेले पैसे मुठीत. तेवढ्यात गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र घातलेला माणूस येतो. दुकानदार तिच्या डोक्यावरून विचारतो, "बोला साहेब, काय देऊ?" आणि तिला म्हणतो, "थांब न बाई जराशी." ती थांबते. साहेबही माणूस वाईट नसतो. त्याच्या लक्षातच आलेलं नसतं.

शिवीगाळ नाही, विटाळ नाही, तक्रार करावी असं तर काहीच नाही. म्हणूनच ही गोष्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते.

मुकुटबनचा झरी जामणी तालुका तेलंगणाच्या काठावरचा. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी या भाषा इथे एकाच बाजारात भाव करतात. 2022 साली सिमेंटचा कारखाना सुरू झाल्यापासून हिंदीचाही जोर वाढलाय. परक्या माणसाची इथे कुणाला नवलाई नाही. कोलाम तर परकेही नाहीत. कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासोबत सरकारने आदिम म्हणून नोंदवलेली ही राज्यातली तिसरी जमात. पलीकडे आदिलाबादेत गोंड लोक कोलामांना पुजारी म्हणत आले, कारण या मातीच्या जुन्या देवांना राजी करणं कोलामांनाच जमतं अशी श्रद्धा. देवापुढे ज्याचा नंबर पहिला, तेलामिठाच्या दुकानात त्याचाच शेवटचा!

आपल्याकडे दया कमी आहे असं मला वाटत नाही. दिवाळीत पोडावर साड्या वाटल्या जातात, थंडीत ब्लँकेटं जातात, फोटोही निघतात. वाटणाऱ्यांच्या मनात खोट असते असंही नाही. पण साडी देताना देणारा वरच राहतो. नंबर पाळायचा म्हटलं की त्याला तिच्या मागे उभं राहावं लागतं, आणि तिथेच अडतं. तिला दान नको असतं. तेल, मीठ, तिखट घेऊन उन्हं उतरायच्या आत पोडावर पोचायचं असतं.

शेजारच्या वर्ध्यात जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं. त्या काळात त्याला छाती लागली. पण देवळाचं दार एकदा उघडलं की उघडलं. दुकानातल्या नंबराचं तसं नाही. तो दर गिऱ्हाईकाला नव्याने पाळावा लागतो. संविधान लिहिणाऱ्यांना हे बारकाईने माहीत होतं. पंधराव्या कलमात त्यांनी समतेचं तत्त्व सांगून सोडून दिलं नाही. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, घाट, रस्ते अशी एकेक जागा नाव घेऊन लिहिली. त्यात दुकानं पहिली. अपमान कुठे कुठे होतो हे भोगलेल्या माणसाचा हात त्या यादीमागे आहे, असं मला ती वाचताना दरवेळी वाटतं.

आता कुणी म्हणेल, मग मशीन बरं, त्याला जात कळत नाही. रेशन दुकानात अंगठा ठेवला की झालं, साहेब असो की कोलाम. पण जन्मभर बांबू सोलणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात आणि अंगठा उमटत नाही. नियम सगळ्यांना सारखा, अडते मात्र तीच. नुसतं सारखं वागवून भागत नाही ते इथे दिसतं. अंगठा न उमटल्यास दुसऱ्या मार्गाने धान्य द्यायची सोय नियमात आहे. ती सोय मागायला आधी ती माहीत असावी लागते, आणि मागायची भाषा मराठी. कोलामीत ती तिला समजावून सांगणारं काउंटरच्या अलीकडे कुणी नसतं, पलीकडे तर नाहीच. "मशीन घेत नाही, उद्या या" हे वाक्य दुकानदाराला सहज जातं. त्या "उद्या"त तिची आणखी एक मजुरी बुडते. साहेबाचा अंगठा उमटला नसता, तर दुकानदाराने ती दुसरी सोय आपणहून, खुर्ची पुढे करून सांगितली असती.