कातळाची साल

मुकुटबनच्या शिवारात वरवर पाहिले तर काळी माती आणि कपाशी. तिच्याखाली जुन्या समुद्राचा तळ आहे, हे खाणीची कड पाहिल्यावरच पटते. भूशास्त्रज्ञ ज्याला पैनगंगा गट म्हणतात, त्यातला हा राखाडी चुनखडक शंखशिंपले जन्मायच्याही कितीतरी आधीचा. त्यावर विरळ आम्लाचा थेंब सोडला की लगेच फसफसतो. त्याचा भाऊबंद डोलोमाईट मात्र थेंबाला सहसा दाद देत नाही. हातोडीने त्याची पूड करावी, तेव्हा कुठे बुडबुडे येतात.

मंगळावर थेंब टाकायला कोण जाणार? तिथे काम परतलेल्या सूर्यप्रकाशावर भागवावे लागते. कॅल्साइट २.३४ मायक्रोमीटरजवळचा अवरक्त प्रकाश गिळते, डोलोमाईट २.३२ जवळचा, मॅग्नेशियमचे कार्बोनेट २.३० जवळचा. एवढ्याशा फरकावर मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या 'क्रिझम' या उपकरणाने निली फॉसे भागात हे शेवटचे कार्बोनेट ओळखले. २००८ साली ते जाहीर झाले. मला या विद्येतला संयम मोठा वाटतो.

पण हा प्रकाश खडकात फार खोल शिरत नाही. मुकुटबनवरून असा उपग्रह गेला तर त्याला कपाशी दिसेल, खाण उघडी असेल तिथेच चुनखडक. मंगळावर कपाशीची जागा धुळीने घेतली आहे. रंगीत नकाशा पाहताना आपण हे हटकून विसरतो. चंद्राच्या ध्रुवांवर तर ऊनही पोचत नाही अशी विवरे आहेत. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने तिथले बर्फ टिपले ते कडांवरून विखुरलेल्या उसन्या उजेडात. त्या नोंदींतून बर्फाची खूण वेगळी काढून २०१८ मध्ये मांडली गेली, यान मूक होऊन नऊ वर्षे लोटल्यावर.

मंगळावरच्या कार्बोनेटचा एवढा शोध का? एके काळी तिथे नद्या वाहिल्या, म्हणजे हवा दाट असावी. आज तिचा दाब पृथ्वीच्या हवेच्या दाबाच्या एक टक्काही नाही. त्या दाट हवेतला कार्बन डायऑक्साइड खडकात मुरला असता तर कार्बोनेटचे विस्तीर्ण थर दिसायला हवे होते. कक्षेतून दिसतात ते तुकडे. काही वायू अवकाशात निसटला, काही कदाचित धुळीखाली असेल.

पृथ्वीवरचा असा वायू मुकुटबनसारख्या ठिकाणी बंदिस्त आहे. तिथल्याच सिमेंटच्या भट्टीत चुनखडक भाजला की तो सुटतो: शंभर किलो शुद्ध चुनखडकातून चव्वेचाळीस किलो.