सोसणे आणि सांगणे

सोशिकपणा हा आपण स्त्रीचा अलंकार मानत आलो आहोत. जी दुखणे अंगावर काढते, हातचे काम टाकत नाही, तिचे आपण चारचौघांत कौतुक करतो. या कौतुकात एक कठोर अपेक्षाही दडलेली असते. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या भगिनींच्या बाबतीत ती अपेक्षा तपासून पाहावी, असे आम्हांला वाटते.

शस्त्रक्रिया होते, किरणोपचार संपतात, घर सुटकेचा निःश्वास टाकते. परंतु ज्या गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात, त्यांच्या बाबतीत लांबचा पल्ला येथूनच सुरू होतो. रोज एक गोळी, पाच वर्षे, कधी दहा. टॅमॉक्सिफेन हे यातले जुने औषध. संततिप्रतिबंधक गोळीच्या शोधात असताना १९६२ साली ते इंग्लंडमध्ये तयार झाले आणि १९७३ पासून तेथे कर्करोगावर वापरात आले. ते पाच वर्षे घेतल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पाळी गेलेल्या स्त्रियांना बहुधा अनॅस्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल दिले जाते.

ही गोळी जीव राखते, पण मोलही घेते. अंगाची एकाएकी काहिली होते, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप मोडते. सांधे आखडतात, हाडे विरळ होतात, मन उदास राहते. पतिपत्नींच्या सहवासात अडचणी येतात. त्याविषयी तर शब्दही निघत नाही. आणि तिने काही सांगू पाहिले की आपण म्हणतो, “जीव वाचला ना? मग आता तक्रार कसली?”

या प्रश्नात तथ्य मुळीच नाही, असे नव्हे. सतत कुरकुर करणारे मन स्वतःलाच पोखरते, हे खरे. कितीएक जणी वाचल्याही नाहीत, हेही खरे. पण दुसरीच्या मरणाने हिचे सांधे दुखायचे थांबत नाहीत. मिळालेल्या जीवनाविषयी कृतज्ञ असणे म्हणजे त्या जीवनातील वेदना नाकारणे नव्हे. सोसणे हा तिचा निर्णय असेल तर तो सद्‌गुण. आपल्या धाकाने ती गप्प राहिली, तर ते केवळ लपवणे. जुन्या करारातील ईयोबाने आपली व्यथा देवापुढे मोकळेपणी मांडली. अखेरीस देवाचा ठपका आला तो त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर.

लपवण्याचा परिणाम जिवावरही बेतू शकतो. त्रास असह्य झाला की अनेक जणी मुदतीपूर्वीच गोळी सोडतात, आणि घरी वा डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो. वास्तविक सांगितले तर वाट निघते. नियमित चालण्याने व व्यायामाने सांधेदुखी हलकी होते. हाडांची घनता तपासून उपचार करता येतात. काहिलीवरही औषधे आहेत; मात्र ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण उदासीनतेवरील पॅरॉक्सेटिनसारखे एखादे औषध टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करू शकते. एक गोळी सोसवत नसेल, तर डॉक्टर दुसरी सुचवू शकतात. टॅमॉक्सिफेन घेताना पाळीखेरीज रक्तस्राव झाला किंवा पाय सुजून दुखू लागला, तर विनाविलंब डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

म्हणून प्रश्न तिच्या सहनशक्तीचा नाही, आपल्या ऐकण्याच्या शक्तीचा आहे. पतीने मध्यरात्री पंखा लावून द्यावा, मुलांनी पाण्याची कळशी उचलावी, सासूने “रात्री झोप लागली का गं?” असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. तिने भोगलेले आपल्याला वाटून घेता येणार नाही. पण ते सांगण्यासाठी तिला आपल्या घरात जागा मिळावी, एवढे तर आपल्या हाती आहे.